बंबात गेलेली वही आणि ‘१९८४’

शेजारच्या कुटुंबातील मुलगी यंदा इंग्रजी विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेच्या आधी आठ दिवस ती वही घेऊन आली. “काका, ऑर्वेलच्या कादंबरीतील आशयसूत्रे आणि तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी हा प्रश्न हमखास येतो. जरा उत्तर पाहता का?” उत्तर नेटके होते. सर्वंकष सत्ता, पाळत, भाषेची गळचेपी, इतिहासाची मोडतोड, व्यक्तीचा एकाकीपणा अशी पाच सूत्रे आणि प्रत्येकाखाली चार-चार ओळी. पार्श्वभूमी म्हणून स्टॅलिन, हिटलर आणि दुसरे महायुद्ध. गाईडमध्ये असते तसे. गुण पडतील यात शंका नव्हती.

मी सहज विचारले, “हे सारे आपल्याकडे कधी घडले होते का?” ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, “आपल्याकडे? नाही, ते रशियात.” १९७५ साली कराडला झालेल्या साहित्य संमेलनाचे नाव तिने ऐकले नव्हते. दुर्गाबाई भागवत हे नाव तिला ठाऊक होते, पण लोककथांच्या संदर्भात. कृष्णामाई कराडहून निघून सांगलीला येते. वरच्या अंगाला घडलेली गोष्ट खालच्या गावात पोहोचायला पन्नास वर्षे पुरली नाहीत, याचे त्या मुलीपेक्षा मला, माझ्या पिढीला आणि आम्ही चालविलेल्या शिक्षणाला वैषम्य वाटायला हवे.

या लेखाचे निमित्त तेवढेच. एखादी अभिजात कादंबरी अभ्यासायची म्हणजे नेमके काय करायचे, हा यातील प्रश्न आहे. तो केवळ इंग्रजीच्या प्राध्यापकांचा नाही, तुमच्या-माझ्या घरांचाही आहे.

मोतिहारीचा लेखक

जॉर्ज ऑर्वेल हे टोपणनाव. लेखकाचे मूळ नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३, स्थळ बिहारमधील मोतिहारी. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. आई लहानग्याला घेऊन लवकरच इंग्लंडला परतली. पुढे १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षे ऑर्वेलने ब्रह्मदेशात साम्राज्याच्या पोलीस दलात काढली. दुसऱ्याच्या भूमीवर दंडुक्याच्या जोरावर राज्य करताना राज्य करणाराही कसा आतून मोडत जातो, हे त्याने गणवेश अंगावर असताना पाहिले आणि नोकरी सोडली. १९३६च्या अखेरीस तो स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेला. १९३७ मध्ये गळ्यात गोळी घुसली. त्यातून वाचला, पण त्याहून खोल जखम दुसरीच होती. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून तो लढला, त्या डाव्या गटालाच मॉस्कोच्या आज्ञेत वागणाऱ्यांनी देशद्रोही ठरविले आणि वृत्तपत्रांनी कधी न झालेल्या लढायांची वर्णने छापली, झालेल्या लढायांबद्दल मौन पाळले. इतिहास लिहिला जाण्यापूर्वीच खोटा केला जाऊ शकतो, हे त्याला तेथे उमगले.

१९४१ ते १९४३ या काळात तो बीबीसीच्या पौर्वात्य विभागात हिंदुस्थानातील श्रोत्यांसाठी कार्यक्रम तयार करीत असे. प्रत्येक मजकुरावर नियंत्रकाची नजर असे. कादंबरीतील सत्य मंत्रालयाचे कळकट उपाहारगृह आणि कंटाळवाण्या बैठका या अनुभवातून आल्या, असे अभ्यासक मानतात. युद्धकाळातील लंडनचे रेशनिंग, बॉम्बने पडलेल्या भिंती, वस्तूंचा तुटवडा हे सारे त्याने जसेच्या तसे उचलले. म्हणजे कादंबरीतील भविष्यकाळ हा वस्तुतः लेखकाने पाहिलेला वर्तमानकाळ होता.

क्षयाने पोखरलेल्या देहाने, स्कॉटलंडजवळच्या जुरा नावाच्या एकाकी बेटावर त्याने ही कादंबरी पूर्ण केली. ८ जून १९४९ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

आपल्या काही मित्रांना ही कादंबरी म्हणजे साम्यवादाविरुद्धचे हातचे शस्त्र वाटते. स्टॅलिनशाहीचे वाभाडे तिच्यात आहेत, यात वाद नाही. गोल्डस्टाइन या पात्रात ट्रॉट्स्की सहज ओळखू येतो. कबुलीजबाबांच्या प्रसंगांमागे १९३६ ते १९३८ या काळातील मॉस्कोचे खटले आहेत. शत्रू एका रात्रीत मित्र होतो आणि तो पहिल्यापासून मित्रच होता असे सर्वांनी मानायचे असते, हा प्रकार ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टॅलिन करार आणि २२ जून १९४१ ला तो मोडून झालेले जर्मन आक्रमण यांवरून आलेला आहे. त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. कालपर्यंत जे साम्राज्यवादी युद्ध होते ते हिंदी कम्युनिस्टांच्या लेखी अल्पावधीत लोकयुद्ध झाले आणि १९४२ च्या लढ्यापासून ते दूर राहिले. या गोष्टी विद्यार्थ्यांना सांगितल्याच पाहिजेत.

परंतु तेवढे सांगून थांबणे हा लेखकावर अन्याय आहे. ऑर्वेल स्वतः अखेरपर्यंत समाजवादी होता आणि आपली कादंबरी समाजवादावरचा हल्ला नाही, असे त्याने प्रसिद्धीनंतर स्पष्ट केले होते. कथानक त्याने मॉस्कोत नव्हे, लंडनमध्ये घडविले. ‘अ‍ॅनिमल फार्म’ १९४४ मध्ये लिहून तयार असताना लंडनच्या अनेक प्रकाशकांनी ती परत केली. कारण रशिया तेव्हा दोस्त राष्ट्र होते. सरकारने बंदी घातली नव्हती. शिकल्या-सवरलेल्या सज्जनांनी आपणहून तोंड मिटले होते. बंदीपेक्षा हे आपणहून तोंड मिटणे ऑर्वेलला अधिक घातक वाटत असे. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण तो माझ्या घरापर्यंत येतो.

रूपक वाचणारी सांगली

सत्तेच्या छायेत लिहिलेले रूपक कसे वाचावे, हे सांगलीला कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. याच मातीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘कीचकवध’ लिहिले. रंगमंचावर विराटाचा दरबार होता, परंतु प्रेक्षागृहात बसलेल्या साध्या माणसालाही कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत पारतंत्र्यातील भारतमाता, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल दिसत होते. सरकारलाही ते दिसले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. नाटकात कर्झनचे नाव एकदाही नव्हते. तरीही बंदी घालून सरकारनेच कबूल केले की, कीचक कोण हे त्याला ठाऊक आहे.

आता विचार करा. ‘कीचकवध’ शिकविताना वंगभंगाचा उल्लेख केला नाही तर काय उरते? महाभारतातील एक कथा. तसेच ‘१९८४’ शिकविताना आपला स्वतःचा इतिहास वगळला तर काय उरते? परदेशातील एक भयकथा. ती वाचून विद्यार्थी हळहळतो, गुण मिळवतो आणि पुस्तक मिटतो. रूपकाचा दुसरा अर्धा भाग नेहमी वाचणाऱ्याच्या गावात असतो. तो त्याने शोधायचा असतो.

२५ जून

आणि येथे काळाने एक विलक्षण योग जुळवून ठेवला आहे. ऑर्वेलचा जन्मदिवस २५ जून. १९७५ मध्ये त्याच तारखेच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली. त्या रात्री दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. ४ जुलैला राष्ट्रीय स्वयंसेवक संघासह अनेक संघटनांवर बंदी आली. सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या कारागृहात होते. त्याच कारागृहात समाजवादी होते आणि जमाते इस्लामीचे कार्यकर्तेही होते. बाहेर ज्यांनी एकमेकांच्या सावलीला उभे राहणे टाळले असते, त्यांना सत्तेने एका रांगेत जेवायला बसविले.

कादंबरीतील आशयसूत्रे आता एकेक करून या एकवीस महिन्यांवर ठेवून पाहा.

भाषा. ऑर्वेलची ‘नवभाषा’ शब्द कमी करीत जाते, म्हणजे विचार करण्याची साधनेच कमी होतात. आणीबाणीत शब्द कमी केले गेले नाहीत, त्यांचे अर्थ बदलले गेले. मौनात असलेल्या विनोबांकडून ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द आले आणि सरकारने ते भिंतीभिंतींवर रंगविले. विनोबांना सत्तेचे शासन नव्हे, आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, हा खुलासा भिंतींवर कोणी रंगविला नाही. ‘आक्षेपार्ह’ या शब्दाची व्याप्ती तर अशी वाढली की, १९७६ मध्ये त्याच्या नावाने कायदाच झाला.

वृत्त. पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही वृत्तसंस्था १९७६ च्या प्रारंभी ‘समाचार’ नावाच्या एकाच संस्थेत कोंबण्यात आल्या. देशाला एकच तोंड राहिले.

देह. कादंबरीत राज्याला नागरिकाचे शरीरही हवे असते. आपल्याकडे १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते, राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आले नाही.

न्याय. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. त्या एका विरोधी मताचे नाव न्या. हंसराज खन्ना. त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून मोजली. ऑर्वेलच्या नायकाला जे साधले नाही, ते या एका माणसाने साधले. सारे जण दोन आणि दोन पाच म्हणत असताना त्यांनी चार म्हटले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निर्णय अखेर पुसून टाकला. चार व्हायला एक्केचाळीस वर्षे लागली.

आणि स्मृती. १५ ऑगस्ट १९७३ रोजी लाल किल्ल्याच्या आवारात स्वतंत्र भारताच्या इतिहासाचे एक ‘कालपात्र’ पुरण्यात आले होते. सत्ताधाऱ्यांना सोयीचा इतिहास त्यात आहे, अशी टीका झाली. १९७७ मध्ये आलेल्या जनता सरकारने ते उकरून काढले. आपण टाळ्या वाजविल्या. पण एका सरकारने पुरलेला इतिहास दुसऱ्या सरकारने उकरला, तर इतिहास लिहिण्याचा अधिकार सरकारचाच, या समजुतीला दोघांनीही धक्का लावला नाही, हे तेव्हा फार थोड्यांना जाणवले. पुढे आणीबाणीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचे अहवाल १९७८ मध्ये आले आणि १९८० मध्ये सत्ता पालटल्यावर त्यांच्या प्रती मिळेनाशा झाल्या. माजी खासदार इरा सेझियन यांनी जपून ठेवलेल्या प्रतीवरून २०१० मध्ये तो अहवाल पुन्हा छापला. ऑर्वेलच्या सत्य मंत्रालयात भिंतीला एक भोक असते. नको असलेला कागद त्यात टाकला की तो थेट भट्टीत जातो. शहा आयोगाचा अहवाल त्या भोकापर्यंत जाऊन परत आला, तो एका माणसाच्या कपाटामुळे.

कराड

आता वरच्या अंगाला चला. डिसेंबर १९७५. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाचे कराड. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे एक्कावन्नावे अधिवेशन. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, कराडचेच सुपुत्र. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. आदल्या वर्षी शेजारच्या इचलकरंजीत अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न सत्तेच्या समोर बसून मांडला. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराशी झुंजत होते. त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून सर्वांनी उभे राहून प्रार्थना करावी, असे आवाहन दुर्गाबाईंनी त्या मंडपात केले. एका आजारी वृद्धासाठी प्रार्थना, याहून निरुपद्रवी कृती कोणती? आणि त्या महिन्यात त्याहून धाडसी कृती कोणती? पुढे १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली.

यशवंतरावांची बाजूही विद्यार्थ्यांपुढे यावी, असे मला मनापासून वाटते. १९४२ मध्ये हाच माणूस सातारा जिल्ह्यात भूमिगत राहून परकी सत्तेशी लढला होता. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून वसंतदादा पाटील बाहेर पडले, त्याच पिढीतला तो. ज्या पिढीने पोलिसांची पाळत, लपविलेली पत्रके, बंदी घातलेले कागद हे सारे अंगावर झेलले, त्या पिढीतील कित्येक जण १९७५ मध्ये पाळत ठेवणाऱ्यांच्या बाजूला उभे होते किंवा गप्प होते. ते दुष्ट होते म्हणून नव्हे. सत्तेत बसल्यावर कालचा स्वातंत्र्यसैनिक आणि आजचा शासक यांच्यातील सीमारेषा कधी ओलांडली गेली हे कळत नाही, म्हणून. ऑर्वेलने ‘अ‍ॅनिमल फार्म’मध्ये नेमकी हीच गोष्ट सांगितली आहे. आणि जी गोष्ट त्यांच्याबाबत खरी, ती कोणाच्याही बाबत खरी ठरू शकते.

बंब

येथवर लिहिणे सोपे होते. यापुढचे कठीण आहे.

शेजारची मुलगी निघून गेल्यावर मी आईला म्हटले, “तिला कराडही ठाऊक नाही.” आई आता ऐंशीच्या घरात आहे. ती म्हणाली, “अरे, तुला तरी या घरातलं काय ठाऊक आहे?”

आमच्या घरात एक आख्यायिका होती. माझे वडील शिक्षक, रोज शाखेत जाणारे. ते अनेक वर्षे रोजनिशी लिहीत. जुलै १९७५ मध्ये बंदी आल्यावर त्यांनी ती जाळली. कारण तिच्यात सहकाऱ्यांची नावे होती आणि ती पोलिसांच्या हाती पडता कामा नयेत. मी तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. पुढे ही गोष्ट मी शाखेत अभिमानाने सांगितली, एका लेखात लिहिलीही.

आईने त्या दिवशी मला जे सांगितले ते असे. नावे फक्त शेवटच्या दोन वह्यांत होती. वह्या सतरा होत्या. पहिली १९५८ ची, त्यांच्या विद्यार्थिदशेतील. त्या वह्यांत कृष्णेच्या पुराचे, गणपतीच्या उत्सवाचे, त्यांच्या वडिलांच्या आजारपणाचे, माझ्या जन्माचे वर्णन होते. ओळखीच्या एकाला पहाटे उचलून नेल्याचे कळले आणि वडिलांनी सतराच्या सतरा वह्या न्हाणीघरात आणून ठेवल्या. “शेंगांची टरफलं संपली होती,” आई म्हणाली, “मी बंब पेटवला. एकेक वही फाडून त्यांनी माझ्या हातात दिली. त्या पाण्याने तुम्ही सगळे न्हालात.” पोलीस आमच्या घरी कधी आलेच नाहीत. १४ नोव्हेंबरला देशभर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांच्याबरोबरचे काही जण गेले. वडील गेले नाहीत. घरात म्हातारे वडील, दोन लहान मुले आणि एक पगार. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, आणि मी तो देतही नाही.

परंतु आईचे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. “सत्त्याहत्तर साल आलं, आणि ते सगळ्यांना सांगायला लागले की नावांसाठी जाळल्या. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतं. पुढे पुढे पाहीनासे झाले. त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.”

ऑर्वेलच्या नायकाचे बंड वहीपासून सुरू होते. जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली एक कोरी वही आणि तिच्यात लिहिलेली एक तारीख, एवढाच त्याचा अपराध. ही कादंबरी मी महाविद्यालयात असताना प्रथम वाचली. आमच्या घरातील वह्या मला तेव्हा आठवल्या होत्या, पण आख्यायिकेच्या रूपात. दुहेरी विचार म्हणजे काय हे मी परीक्षेत लिहिले होते आणि तो आमच्या माजघरात वस्तीला होता याची मला वार्ता नव्हती. आमच्या वह्या कोणत्याही मंत्रालयाने जाळल्या नाहीत. नुसत्या भीतीने जाळल्या. आणि भीतीचे नाव पुसून त्या जागी शौर्य लिहिण्याचे काम कोणा सरकारी कारकुनाने केले नाही, आम्ही केले.

हे लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. वडील आज नाहीत. कार्यकर्त्यांच्या घरातील आठवणी शौर्याच्याच असाव्यात, असा आपल्याकडे एक संकेत आहे. तुरुंगात गेलेल्यांचे शौर्य शंभर टक्के खरे होते आणि त्यापुढे माझी मान आजही लवते. पण ते शौर्य किती मोठे होते, हे कळण्यासाठीच बाहेर भीती केवढी होती हे सांगितले पाहिजे. सगळेच शूर होते असे म्हटले की, जे खरोखर शूर होते त्यांचा आपण अपमान करतो.

मग करायचे काय?

आणीबाणीला २०२५ च्या जूनमध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. तेव्हा विशीत असलेला कार्यकर्ता आज सत्तरी ओलांडून गेला आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीतील वाचनालयांची आणि घराघरांतील कपाटे पाण्याखाली गेली, तेव्हा आपण हळहळलो. पाण्याने नेलेले ग्रंथ दुसऱ्या प्रतीच्या रूपाने परत आणता येतात. माणसाबरोबर गेलेली आठवण आणता येत नाही. तिची दुसरी प्रत नसते.

म्हणून सातारा-सांगलीतील महाविद्यालयांत जेथे जेथे ही कादंबरी शिकविली जाते, तेथील प्राध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. आशयसूत्रांच्या प्रश्नाबरोबर विद्यार्थ्याला एक काम द्यावे. आपल्या गल्लीतील एका सत्तरीपुढच्या माणसाला भेटून त्या एकवीस महिन्यांबद्दल विचारावे आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. फक्त संघाच्या माणसाला नव्हे. समाजवाद्याला विचारावे, साम्यवाद्याला विचारावे, काँग्रेसच्या जुन्या कार्यकर्त्यालाही विचारावे. नसबंदीचे उद्दिष्ट पुरे करणारा ग्रामसेवक, वेळेवर धावणाऱ्या गाड्यांचे कौतुक करणारा प्रवासी, भीतीने गप्प राहिलेला शेजारी आणि बंब पेटविणारी गृहिणी, या सर्वांना विचारावे. जेथे दोन जबान्या जुळणार नाहीत, तेथे त्या दोन्ही ठेवाव्यात. एकसारख्या जबान्या मिळवणे हे सत्य मंत्रालयाचे काम आहे, आपले नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या घरांसाठी. कादंबरीत रोज ठरावीक वेळी लोकांना एकत्र जमवून पडद्यावर शत्रूचा चेहरा दाखविला जातो आणि ते सारे मिळून त्याच्यावर ओरडतात. हा विधी आज संध्याकाळी दिवाणखान्यात दूरचित्रवाणीसमोर आणि दिवसभर हातातील मोबाईलवर चालतो. त्यासाठी कोणी सक्ती करीत नाही. एखादे जुने छायाचित्र नव्या मथळ्याखाली येते, आपण शहानिशा न करता ते पुढच्या पाच गटांत ढकलतो आणि ते खोटे निघाले तर निमूटपणे पुसून टाकतो. ‘हे चुकीचे होते’ असे त्या पाच गटांत कळविणारे किती जण आपल्या ओळखीचे आहेत? हे समोरचे करतात, हे खरे. आपणही करतो, हेही खरे. ज्या परिवाराने सेन्सॉरच्या काळात हाताने लिहिलेली आणि चक्रमुद्रित केलेली पत्रके जिवावर उदार होऊन वाटली, त्या परिवारात प्रत्येक शब्दाची पारख अधिक असायला हवी. त्या पत्रकातील प्रत्येक ओळ खरी असावी लागे. ती खोटी निघाली असती, तर वाटणाऱ्याचा तुरुंगवास व्यर्थ गेला असता.

सत्ता आपल्या विचारांच्या माणसांच्या हाती असताना ही कादंबरी वाचणे अधिक आवश्यक असते, असे माझे नम्र मत आहे. विरोधात असताना ती सगळ्यांनाच आवडते. एक्केचाळीस वर्षांनी चूक दुरुस्त करणाऱ्या न्यायालयापेक्षा त्याच दिवशी ‘नाही’ म्हणणारा एक खन्ना राष्ट्राला अधिक उपयोगी पडतो. असे खन्ना आयत्या वेळी निर्माण होत नाहीत. ते घरात, शाळेत, शाखेत घडवावे लागतात. प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, यावर ते घडणे अवलंबून असते.

कादंबरीचा शेवट उदास आहे. नायक हरतो, इतका की त्याला आपल्या छळकर्त्याबद्दल प्रेम वाटू लागते. बहुतेक विद्यार्थी तेथेच पुस्तक मिटतात. पण त्यापुढे नवभाषेवरील एक परिशिष्ट आहे, गाईडवाले ते सहसा वगळतात. ते परिशिष्ट त्या राजवटीबद्दल भूतकाळात बोलते आणि नवभाषेत नव्हे, साध्या, स्वच्छ जुन्या इंग्रजीत लिहिलेले आहे. म्हणजे ती राजवट केव्हातरी संपली आणि तिच्याबद्दल लिहिणारा कोणीतरी मागे उरला, असा त्याचा अर्थ काही अभ्यासक लावतात. मलाही तो पटतो. सर्वंकष सत्तेचा खरा पराभव तिच्यानंतर कोणीतरी खरे लिहून ठेवतो, तेव्हा होतो.

परीक्षा झाल्यावर ती मुलगी पुन्हा आली. या वेळी माझ्याकडे नव्हे. न्हाणीघरातील तो तांब्याचा बंब आता माळ्यावर आहे, तो तिला पाहायचा होता. मग ती आईजवळ बसली, नवी कोरी वही उघडली आणि म्हणाली, “आजी, पहिल्यापासून सांगा.” आईने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. तिने १९५८ पासून सुरुवात केली.